सुईची सावली

पहाटे साडेपाच

उठल्या उठल्या दिवा लावते, चष्मा चढवते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहते. तिथी-वार बघायला नाही. चौकटींच्या रेघा सरळ दिसतात का, एखादी मध्येच वाकते का, कुठला आकडा पुसट झालाय का, काल नव्हता असा काळा ठिपका आज डोळ्यासमोर तरंगतोय का, एवढंच पाहायचं. हे सगळं डाव्या डोळ्याने. उजव्याला दिव्याचा उजेड कळतो, कडेला कुणी हात हलवला तर काहीतरी हललं एवढं कळतं, त्यापलीकडे काही नाही. म्हणून डाव्याची हजेरी रोज सकाळी घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते मी चुकवत नाही.

गेल्या पावसाळ्यात मशीनवर बसले असताना उजव्या डोळ्यासमोरचं सगळं बघता बघता राखाडी झालं. दुखलं नाही, डोळा लाल झाला नाही, पाणी आलं नाही. आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहिला तेव्हा कळलं, की उजव्याने दिसतच नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त नेणारी मुख्य धमनी गुठळीने बंद झाली होती. डॉक्टरांच्या भाषेत सेंट्रल रेटिनल आर्टरी ऑक्लुजन, म्हणजे मेंदूला येतो तोच झटका, पण डोळ्याला. तपासताना पडदा पांढुरका दिसतो आणि मधोमध लालबुंद ठिपका, ही त्याची खूण. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम केलेले नेत्रतज्ज्ञ सोहन सिंग हयरे यांनी माकडांवर प्रयोग केले होते. ही धमनी पूर्ण बंद ठेवली तर साधारण ९७ मिनिटांपर्यंत पडदा सावरतो, आणि २४० मिनिटांनी, म्हणजे चार तासांत, त्याची मोठी आणि भरून न येणारी हानी झालेली असते, असं त्यांना आढळलं. यावर खात्रीचा असा उपाय अजून नाही. जे काही करता येतं ते त्या पहिल्या तासांतच.

म्हणून भेटेल त्याला मी सांगते, दुखण्याची वाट बघू नका. दुखत नाही म्हणून माणूस तोंडावर पाणी मारतो, जरा पडून राहतो, उद्या दाखवू म्हणतो. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर त्याच तासाला निघायचं. पाच मिनिटांनी दिसायला लागलं तरीसुद्धा निघायचं, कारण तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. विजेसारखे चमकारे दिसले, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस झाला, कडेने काळोख सरकत आला तर पडदा सुटत असेल, तिथेही तासांचाच हिशोब. माझ्या मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी, हृदयाचा एको, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातली सूज दाखवणारी तपासणी, सगळं लगोलग झालं, कारण अशा माणसाला पुढचे काही दिवस मेंदूच्या झटक्याची भीती जास्त असते. त्या तपासण्यांतून निघालेल्या गोळ्या आता जन्मभराच्या. सकाळची गोळी चहाआधी.

सहा

स्वयंपाकघरात जाताना चष्मा नाकावर हवाच. नंबर फारसा नाही, पण काचा पॉलिकार्बोनेटच्या आहेत, सहजी न फुटणाऱ्या. फोडणीतली मोहरी उडते, मिरचीचा ठसका उठतो, कढईतला थेंब वर येतो. दोन डोळे असताना याचा कुणी विचार करत नाही. एकच उरला की तो पहिल्यांदा झाकायचा आणि मग गॅस पेटवायचा.

चहा ओतणं हे सुरुवातीला सगळ्यात अवघड होतं. पातेल्याची कड आणि कपाची कड यांच्यात किती अंतर आहे ते एका डोळ्याला समजत नाही. दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनातून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोली काढतो. एक डोळा गेला की तो फरकच संपतो. कप दिसतो, त्याचा रंग, त्यावरची फुलं, चिकटलेली साखर, सगळं स्वच्छ दिसतं. तो कुठे आहे एवढं मात्र कळत नाही. हे दुसऱ्याला समजावणं फार कठीण जातं. लोकांना वाटतं, हिला अर्धं दिसतं. मला जवळपास सगळं दिसतं.

आता पातेल्याची कड कपाच्या कडेला टेकवते आणि मग तिरकं करते. किण्ण असा बारीक आवाज झाला की ओतायचं. कप पांढरे ठेवलेत, ट्रे काळा. पांढऱ्यावर पांढरं नको, काळ्यावर काळं नको, हा नियम घरभर लावलाय. दुधाच्या पातेल्याखाली गडद फडकं, मीठ रंगीत बरणीत, दारातल्या पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा. चढताना पायरी पायाला सांगते. उतरताना सगळी जमीन एका पातळीची वाटते, तेव्हा तो पट्टाच कामाला येतो.

साडेआठ

घर सांगलीवाडीत, दुकान गावात. मधे आयर्विन पूल आणि खाली कृष्णा. स्कूटी आता मुलगी चालवते. मी रिक्षाने जाते, आणि बाजारात उतरले की चालत.

पुलावरून जाताना एक गोष्ट फार बरी वाटते. लांबचं मला पूर्वीइतकंच कळतं. घाट, पलीकडची झाडं, पात्रातली होडी, सगळं आपापल्या जागी. दोन डोळ्यांनी खोली मोजण्याचा खरा उपयोग जवळच्या कामांत असतो. जसजसं अंतर वाढतं तसतसा दोघांच्या चित्रांतला फरक नाहीसा होत जातो, आणि दोन डोळ्यांचा माणूससुद्धा लांबचं अंतर इतर खुणांनीच ओळखतो. काय कशाच्या आड आहे, काय लहान दिसतं, काय धूसर. त्या खुणा माझ्याकडे शाबूत आहेत. नदीसमोर मी कुणाहूनही कमी नाही. माझी सगळी अडचण हाताच्या टप्प्यात आहे, आणि माझा सगळा धंदाही हाताच्या टप्प्यातलाच.

रस्ता ओलांडणं ही वेगळीच गोष्ट. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे कडेला उभं राहिलं की पहिलं वाहन येतं ते उजवीकडून, म्हणजे माझ्या न दिसणाऱ्या बाजूने. दोन डोळ्यांना मिळून समोरचा साधारण १८० अंशांचा पट्टा दिसतो. एकट्या डोळ्याला साधारण १५०, कारण पलीकडे स्वतःचं नाक आडवं येतं. आकड्यात हा फरक लहान वाटतो. पण तो हरवलेला तुकडा नेमका त्या बाजूचा असतो, जिथून माणूस खांद्यावर आदळतो आणि दुचाकी घासून जाते. म्हणून नुसती नजर वळवून भागत नाही. हनुवटी उजव्या खांद्याला लागेपर्यंत मान वळवायची, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे आणि मगच पाऊल. आमचे हे बरोबर असले की ते उजवीकडून चालतात. त्यांना एकदाच सांगितलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही. एकटी असले की कान मदत करतात. बाजारात बिनआवाजाच्या इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यात, त्यांची मात्र मला धास्ती वाटते. त्या चालवणाऱ्यांनी गर्दीत हॉर्न द्यायला लाजू नये, असं मनापासून वाटतं.

नऊ

शटरचं कुलूप. किल्ली भोकात सरळ खुपसायला गेलं तर ती इकडे तिकडे लागते. डाव्या हाताचं बोट भोकावर ठेवायचं आणि किल्ली त्या बोटावरून सरकवत न्यायची. बोट दाखवेल तिकडे किल्ली जाते.

दुकान लहान आहे. दोन मशीन, कटिंगचं टेबल, इस्त्री, ट्रायलसाठी पडद्याआड एक कोपरा. ब्लाऊज हे मुख्य काम, शिवाय पिको-फॉल, कुणाचे ड्रेस. डोळा गेल्यानंतर घरच्यांचं म्हणणं होतं की आता बंद कर. त्यांना काळजी होती आणि ती खरीच होती. पण हे हात दुसरं काय करणार होते? मी आधी दुकान फिरवून घेतलं. माझं टेबल असं ठेवलं की दार डावीकडे येतं. उजव्या भिंतीवर आरसा लावला, म्हणजे त्या बाजूला कोण उभं आहे ते मान न वळवता दिसतं. दाराला घुंगरू बांधलं. गरम इस्त्री उजवीकडून उचलून डावीकडे नेली. कात्री, टेप, खडू, उसवणी, प्रत्येकाची जागा ठरली. हाताखालच्या मुलीला सांगितलंय, की एक वेळ केर काढायचा राहिला तरी चालेल, पण कात्री जिथली तिथे हवी.

साडेनऊ

सकाळचा उजेड चांगला असतो, म्हणून कटिंग आधी. आज एका लग्नघरातल्या पैठणीचं ब्लाऊज आहे. कापड टेबलावर पसरलं, अस्तर त्याखाली, खडूने गळा, मुंढा, टक्स आखले आणि कात्री लावली. यात मला काही जड जात नाही. टेबलावर सपाट पडलेल्या कापडात खोली नसतेच. रेघ आणि कात्रीचं टोक एकाच पातळीवर असतात आणि टेबल दोघांना धरून ठेवतं. पहिल्या महिन्यात हे लक्षात आलं तेव्हा मला रडू आलं होतं, इतका आनंद झाला. कटिंगच्या आधाराने मी बाकीच्या कामाकडे परत आले.

मशीनचंही तसंच. मशीनची सुई रोज त्याच जागी खाली येते. फूटच्या कडेपासून शिलाई किती अंतरावर पडते ते बोटांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. बॉबिन केस तर दोन डोळ्यांची माणसंसुद्धा बघून लावत नाहीत. ती पाट्याखाली असते, बोटांनी चाचपून बसवायची आणि टक्क वाजली की बसली. माझ्या कामातलं किती काम आधीपासूनच न बघता चालत होतं, हे मला डोळा गेल्यावर समजलं.

मात्र इथे चष्म्याचा प्रश्न पुन्हा येतो, आणि या बाबतीत मी फार कडक आहे. मशीनची सुई तुटते. जरीच्या जाड काठावर, हुकावर, राहून गेलेल्या टाचणीवर आपटली की टोक उडतं, आणि शिवणाऱ्याचं तोंड त्यापासून वीतभरच असतं. मशीनला पाय लावण्याआधी चष्मा, हा नियम मी हाताखालच्या मुलीलाही लावलाय. तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, म्हणून तर लावलाय. टाचण्या तोंडात धरायची टेलर लोकांची सवय असते, तीही दुकानातून बंद केली. त्या मनगटावरच्या गादीत खोचायच्या.

बारा

गिऱ्हाइकांची वेळ. घुंगरू वाजतं, "काकू, झालं का माझं?" म्हणत कुणीतरी आत येतं.

माप घेताना मी माणसाला डावीकडून भेटते. टेप मागून पुढे आणायची, तिचं टोक डाव्या हाताच्या चिमटीत आणि आकडा डोळ्यासमोर. पैसे घेताना तळहात उघडा पुढे करते, समोरचा नोट ठेवतो. हवेत धरलेली नोट पकडायला जाण्यापेक्षा हे सोपं. पाण्याचा पेला कुणी दिला तर आधी दुसऱ्या हाताने खालून आधार. या रीती बाहेरून कुणाच्या लक्षात येत नाहीत, आणि येऊ नयेत अशी माझी इच्छाही नाही. विचारलं तर मी सांगते.

बरेच जण म्हणतात, "दोन्ही डोळे तर सारखेच दिसतात की!" खरं आहे. बुबुळ तसंच, पापणी तशीच. आतला पडदा गेलाय, तो बाहेरून दिसत नाही. म्हणून उजवीकडून हाक न मारता कुणी हात पुढे केला आणि मी तो घेतला नाही, की माणसाला वाटतं ही शिष्ट झाली. आता ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, उजवीकडून येताना आधी बोला.

आज एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. जुन्या वळणाच्या, कीर्तनं ऐकलेल्या. मला म्हणाल्या, "अगं, शुक्राचार्यांचाही डोळा असाच एका क्षणात गेला. झारीच्या तोटीत जाऊन बसले, वामनाने दर्भाची काडी घातली आणि संपलं. पण विद्या गेली का त्यांची? दैत्यांचे गुरू ते गुरूच राहिले." झारीतल्या शुक्राचार्यांना आपण एरवी आडकाठी करणारा माणूस म्हणूनच आठवतो. डोळा गेल्यावरही त्यांची संजीवनी विद्या त्यांच्याकडेच होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजींच्या नातीचं माप घेताना मी दुप्पट लक्ष दिलं.

दीड

डबा. जेवल्यावर दार अर्धं ओढून अर्धा तास डोळे मिटून पडायचं. हा आराम म्हणजे चैन नाही. एका डोळ्याने दिवसभर बारीक काम केलं की दुपारी कपाळात कळ येते आणि मान एकाच बाजूला वळवून वळवून आखडते. म्हणून मानेचे व्यायाम, खांदे फिरवणं आणि मग थोडी झोप.

मध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून अपंगत्वाच्या दाखल्याचीही चौकशी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. एक डोळा चांगला आणि दुसऱ्याची दृष्टी गेलेली असेल तर सरकारी मार्गदर्शक नियमांप्रमाणे ते ३० टक्के धरलं जातं. म्हणजे कागदावर मी त्या रेषेच्या अलीकडेच राहते. मोजण्याची पद्धत अक्षरं वाचण्यावर आणि दृष्टीच्या पट्ट्यावर बेतलेली आहे. सुई, सोनं, घड्याळ, तार अशा जवळच्या कामावर पोट असणाऱ्याला खोली गेल्याने काय सोसावं लागतं, त्याला त्या मोजमापात जागा नाही. ती असावी असं मला ठामपणे वाटतं. निदान पहिलं वर्षभर अशा कारागिराला काहीतरी आधार मिळायला हवा, कारण हात पुन्हा बसेपर्यंत कमाई थांबते आणि भाडं थांबत नाही.

तीन

आता हातशिलाई. दिवसातलं खरं काम हेच, आणि सगळ्यात उशिरा परत आलेलंही हेच.

पहिल्यांदा सुईत दोरा. दोऱ्याचं टोक कात्रीने तिरकं कापायचं, मेणाच्या खड्यावरून ओढायचं म्हणजे ते ताठ राहतं. सुईच्या मागे पांढरा कागद. आणि मुख्य म्हणजे हात हवेत ठेवायचे नाहीत. डावं मनगट टेबलाला टेकलेलं, उजवं मनगट डाव्याला टेकलेलं. दोन हात एकमेकांना लागले की त्यांच्यातलं अंतर डोळ्याला विचारावं लागत नाही, हात आपसात ठरवतात. दोरा समोरून खुपसायचा नाही, नेढ्याच्या रोखाने कडेकडेने आणायचा, कारण डाव्या-उजव्यातली चूक एका डोळ्याला दिसते, पुढची-मागची दिसत नाही. ओवणी आहेच, तारेची, पाच-दहा रुपयांना मिळते. पण ओवणीशिवाय दोरा गेला त्या दिवशी मी मुलीला फोन केला होता.

मग हूक आणि आय. सुई कापडाला कुठे टोचणार हे आधी कळायला हवं, नाहीतर ती बोटात जाते. हे मला सावलीने शिकवलं. दिवा डावीकडे, खालच्या कोनात ठेवला की सुईची सावली कापडावर उजवीकडे पडते. सुई वर असताना टोक आणि सावलीचं टोक लांब असतात. सुई खाली येते तशी दोन्ही टोकं जवळ येतात. जिथे भेटतात तिथे कापड. आता मी सुईकडे बघत नाही, त्या दोन टोकांमधल्या फटीकडे बघते. वरून येणारा ट्यूबलाइटचा उजेड सावल्या पुसून टाकतो, म्हणून हातशिलाईच्या वेळी ट्यूब बंद आणि टेबलावरचा एकच दिवा चालू.

आणि मान हलवायची. कोंबडी दाणा टिपण्याआधी मान हलवते, तशी मीही शिवताना अगदी थोडी इकडे तिकडे हलवते. मान हलली की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि त्या सरकण्यातून खोली परत मिळते. दोन डोळे एकाच क्षणी दोन जागांहून बघतात, मी एकाच डोळ्याने एका जागेवरून बघून लगेच दुसऱ्या जागी जाते. हाताखालची मुलगी आधी बघत राहायची. आता तिलाही सवय झाली आहे.

पैठणीचा काठ बाहीवर नीट जुळवला. मोराची मान शिवणीत तुटू नये म्हणून आधी धावदोरा घातला, मग मशीन मारलं. आतून हेम हाताने. काळ्या अस्तरावर काळा दोरा असता तर दारात बसावं लागलं असतं, आज सुदैवाने अस्तर मोतिया आहे. टाके मोजून पाहिले नाहीत, पण बोट फिरवून पाहिलं. सारखे होते.

सहा

गावातल्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात काम करणारा एक तरुण आला. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं, आत सिलिकॉनचं तेल भरलंय, पण दृष्टी फारशी परतली नाही.

"मावशी, स्टेटरच्या स्लॉटमधे तार बसतच नाही बघा. हात पुढंच जातोय. शेठ चांगले आहेत, पण किती दिवस चांगले राहतील?"

त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. चहाचा ग्लास त्याने ज्या सावधपणे उचलला त्यावरून तो कुठवर आलाय ते मला कळलं. धीर धर, सगळं ठीक होईल, असलं काही मी बोलले नाही. टेबलावर जाड सुई आणि दोरा ठेवला आणि म्हटलं, मनगटाला मनगट टेकव. त्याची बोटं तांब्याच्या तारेत वाढलेली, माझ्यापेक्षा चपळ. थोड्या वेळाने दोरा गेला. मग दिवा डावीकडून उजवीकडे नेला, कारण त्याचा शाबूत डोळा उजवा आणि तो डावखुरा, त्याची सावली दुसरीकडे पडायला हवी. स्लॉटमध्ये तार घालतानाही असाच दिवा लाव, उजव्या हाताच्या बोटाने स्लॉटची कड धरून ठेव आणि तार त्या बोटावरून सरकव, असं दाखवलं.

"किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

डॉक्टर सांगतात, काही महिने, कुणाला वर्ष. माझ्या बाबतीत मशीन आधी परतलं, मग ओतणं, मग हातशिलाई, आणि गर्दीतल्या पायऱ्या सगळ्यांत शेवटी, त्या अजूनही पूर्ण माझ्या नाहीत. हे सगळं त्याला सांगितलं. रोज घरात रबरी चेंडू भिंतीवर मारून झेल, पाणी ओत, खुंटीला टोपी अडकव. ठिणगी उडते तिथे संरक्षक चष्मा घाल. डोळ्यासमोर कुठलीही नवी सावली दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, चांगल्या डोळ्याचा पडदाही दरवेळी तपासून घे. तो कागदावर लिहून घेत होता, खाली मान घालून, अगदी शाळेतल्यासारखा मन लावून. जाताना म्हणाला, "मावशी, मी परत येऊ का?" मी म्हटलं, तार घेऊन ये.

साडेआठ

घरी यांचा टीव्ही चालू. क्रिकेट म्हणजे यांचा जीव. माझा डोळा गेला त्या आठवड्यात यांना काय बोलावं सुचेना, तेव्हा यांनी मला पतौडींची गोष्ट सांगितली होती. मन्सूर अली खान पतौडी, इंग्लंडमध्ये होव्ह इथे जुलै १९६१ मध्ये मोटारीचा अपघात, उजवा डोळा गेला. वय वीस. आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. त्याच मालिकेत मद्रासला शतक. मार्च १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, वेस्ट इंडीजमध्ये भारताचे कर्णधार. एकूण ४६ कसोट्या आणि सहा शतकं, सगळी एका डोळ्याच्या बळावर.

मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. पण यांनी त्यातली एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. सुरुवातीला पतौडींना दोन चेंडू दिसत. त्यातला आतला कोणता ते त्यांनी ओळखलं आणि त्यालाच मारायचं ठरवलं. पुढे टोपी उजव्या डोळ्यावर ओढून घेत, म्हणजे तो डोळा मधे येणार नाही. लोक त्याला जिद्द म्हणतात, आणि ती होतीच. मला त्यात कारागिरी जास्त दिसते. काय दिसतंय ते त्यांनी नीट तपासलं, त्यातलं उपयोगाचं धरलं, नडणारं झाकलं आणि पुन्हा नेटमध्ये गेले.

आज यांच्याशेजारी बसून दोन षटकं बघितली. टीव्हीवर चेंडू कुठे पडतो ते मला यांच्याइतकंच दिसतं. पडदा सपाटच असतो.

दहा

उद्या डोळ्याची तपासणी. झटक्यानंतर त्या डोळ्यात नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवू शकतात, त्यातून डोळ्यातला दाब वाढतो आणि दुखणं सुरू होतं, म्हणून सुरुवातीचे महिने वारंवार आणि आता ठरलेल्या अंतराने जावंच लागतं. बाहुली मोठी करायला दोन्ही डोळ्यांत थेंब घालतात. दुसऱ्यांना त्या दिवशी थोडं अंधुक दिसतं, मला हाताजवळचं काहीच धड दिसत नाही. उद्या दुकान उघडं असेल, पण मी फक्त बसणार. हाताखालची मुलगी पिको-फॉल करेल.

बॉबिनी भरून डबीत लावल्या. लाल, हिरवी, मोतिया, काळी, या क्रमाने. चष्मा पुसून उशाजवळ त्याच्या जागी ठेवला. तेवढ्यात फोन वाजला, पैठणीवाल्या लग्नघरातून.

"काकू, उद्या सकाळी ट्रायलला येऊ ना?"

"उद्या नको गं, उद्या डोळ्यात थेंब घालणारेत. परवा अकराला ये. आणि येताना साडी घेऊन ये, काठ लावून बघायचाय."

"हळद परवा संध्याकाळी आहे हो!"

"अकराला आलीस तर दुपारी घेऊन जाशील. हूक तेवढे राहिलेत."

"नक्की ना?"

"नक्की. ये तू."